आजीने बदललेला हात

पंगतीत नातवाने डावा हात ताटाकडे नेला की आजीने डोळे वटारलेच म्हणून समजा. "उजव्या हाताने जेव रे!" मराठी घरांतला हा नेहमीचा प्रसंग. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या एका कामगार वस्तीतल्या आजीनेही १९४० च्या दशकात असेच काहीसे केले. डावरेपणा म्हणजे चेटूक, अशी तिची समजूत. रिचर्ड स्टार्की नावाच्या आपल्या नातवाला तिने उजव्या हाताने लिहायला लावले.

हा नातू पुढे रिंगो स्टार या नावाने 'बीटल्स'चा ड्रमर झाला. तो लिहितो उजव्या हाताने. गोल्फ मात्र खेळतो डाव्याने!

पोर तसे प्रकृतीने नाजूक. सहाव्या वर्षी अपेंडिक्सचे दुखणे पोटभर पसरले. तेराव्या वर्षी फुप्फुसाचा विकार, मग क्षय. शाळा बुडाली ती बुडालीच. मुलांचा वेळ जावा म्हणून रुग्णालयात वाद्यवृंद चालवीत, तिथे ड्रमशी गाठ पडली. १९५७ च्या नाताळात सावत्र वडिलांनी जुना ड्रमसेट आणून दिला. सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते हे चित्र नव्हे.

सेट मात्र उजव्या माणसासाठी मांडतात तसाच मांडला गेला. उजवा वादक समोरच्या छोट्या ड्रमवरून उजवीकडच्या मोठ्या ड्रमकडे सहज जातो, कारण सुरुवात उजव्या हाताने होते. रिंगोचा चलाख हात डावा. तो डाव्याने सुरुवात करतो, मग हाताला हात अडतो आणि निमिषभर थांबावे लागते. त्याच्या वादनातली ती किंचित रेंगाळणारी, अडखळल्यासारखी वाटणारी लकब तिथूनच आली. १९६९ चे 'कम टुगेदर' ऐकताना ती जाणवते. भल्याभल्या वादकांना तिची हुबेहूब नक्कल साधत नाही.

काठी धरण्याचीही एक गंमत आहे. जुने जाझवादक डाव्या हाताचा तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात काठी धरत. ही पद्धत फौजेची. शिपायाचा ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याला तिरका लटके, त्यामुळे डावा हात असाच वळवावा लागे. आपल्या ताशेवाल्याची ती अडचण नाही. ताशा गळ्यात समोर अडकवलेला, म्हणून दोन्ही काड्या सारख्याच धरता येतात. ड्रम स्टँडवर बसला तरी फौजेची सवय सुटली नव्हती. 'रोलिंग स्टोन्स'च्या चार्ली वॉट्सने तर ती २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत जपली. रिंगो मात्र दोन्ही हातांनी हातोडी धरावी तशा काठ्या धरी. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत सुमारे सात कोटी लोकांनी बीटल्सना टीव्हीवर पाहिले आणि असंख्य पोरांनी घरी तशाच काठ्या धरल्या.

याच बीटल्समधला पॉल मॅकार्टनी डावरा. त्याने गिटारच्या तारा उलट्या लावून घेतल्या. आपल्याकडेही डावरे तबलजी तबला-डग्ग्याच्या जागा बदलून बसतात. सचिन तेंडुलकर तर रिंगोच्या अगदी उलट. लिहितो डाव्याने, फलंदाजी केली उजव्याने. रिंगोची गोष्ट वाचून कोणी घरातल्या मुलाचा हात बदलायला जाऊ नये. डॉक्टर आता त्याला साफ नको म्हणतात, आणि अडखळण्यातून अशी लकब काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये रिंगोने घरातल्या शेकडो वस्तू लिलावात काढल्या. बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांतला ड्रमसेट वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. मुलगा झॅकही ड्रमरच झाला. त्याला लहानपणी ड्रमसेट भेट दिला तो बापाचा मित्र, 'द हू'चा कीथ मून याने. पुढे १९९६ पासून झॅक त्याच 'द हू'बरोबर वाजवू लागला.

रिंगोने २०२५ मध्ये वयाची ८५ वर्षे पूर्ण केली. सही तो आजीने शिकवलेल्या हाताने करतो आणि ड्रमवर पहिला हात पडतो तो डावा.