आठ मिलिमीटरची सबब

दोहा सोडून अल खोरच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला, समुद्रकाठी, समैस्मा हे गाव येतं. एकेकाळी मोती काढणाऱ्यांचं आणि मासे धरणाऱ्यांचं गाव. आता तिथे नव्या घरांच्या ओळी उभ्या आहेत. मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका मराठी घरी जेवायला जायचा योग आला. यजमान मूळचे कोल्हापूरकडचे, वयानं माझ्याहून मोठे, नोकरी वायुप्रकल्पात. जेवण झाल्यावर त्यांनी बैठकीतलं कपाट उघडलं. आत मराठी आणि हिंदी जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी होत्या, सालवार लावलेल्या.

खिडकीच्या बाजूच्या दोन फळ्या निळ्या दिसत होत्या. मला वाटलं, एकाच मालिकेतल्या असतील. जवळ जाऊन पाहिलं तर ते ऊन खाल्लेले कागद होते. चार रंगांच्या छपाईत पिवळा आणि मॅजेंटा उन्हात आधी उडतात, सायन आणि काळा मागे राहतात, हे आपल्या धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते एखाद्याच्या घरात, त्यानं जिवापाड जपलेल्या वस्तूंवर झालेलं पाहणं वेगळं. लाल अक्षरांत छापलेली नावं स्पाइनवरून जवळजवळ पुसली गेली होती. काळ्या अक्षरांतली नावं शाबूत होती. यजमानांनी एक डबी काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तुम्ही छपाईवाले ना? मग मला एवढं सांगा, या कृष्णधवल सिनेमावर हे जांभळं आकाश कुणी आणलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे संपादकीय.

डीव्हीडीचा जमाना संपला, आता यावर कशाला लिहायचं, असं काही वाचक म्हणतील. माझं म्हणणं उलट आहे. चित्रपट नुसता पाहायचा तर आज तो फोनवर पाहता येतो. तरीही जो माणूस डबी विकत घेतो, ती विमानातून नेतो, कपाटात सालवार लावतो, तो त्या कागदासाठी आणि त्या डबीसाठी पैसे मोजतो. हा गिऱ्हाईक थोडा आहे, पण तो कव्हर वाचतो, आणि आपण त्यावर काय छापलं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. आखातात राहणाऱ्यांना तर डबी आणणं परवडतच नाही, वजनात जातं. तबकडी भरते सोळा ग्रॅम, डबी तिच्या कितीतरी पट. म्हणून बरेच जण तबकड्या चेनच्या पाकिटात घालतात, कव्हरं सपाट करून पुस्तकात ठेवून नेतात आणि तिकडे रिकाम्या डब्या विकत घेऊन पुन्हा घालतात. कव्हरसाठी इतकी खटपट करणारी माणसं आहेत, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

संग्राहकांशी बोललं की तक्रारी त्याच त्याच येतात. नट-नट्यांची मुंडकी ढगांत तरंगताना दाखवलेली असतात. चित्रपट कृष्णधवल असताना कव्हर भडक रंगीत, त्यामुळे आतला चित्रपट रंगवलेला आहे की मूळचा, ते कळत नाही. दिग्दर्शकाचं नाव मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत, साल तर नाहीच. यात कलेच्या उच्च अभिरुचीचा प्रश्न फारसा नाही. जुन्या चित्रपटाचं कव्हर हा त्या चित्रपटाचा दाखला असतो आणि त्यावरची माहिती खरी असावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

ही दशा का झाली, त्याला कारण आहे. 2007 मध्ये मोझर बेअर या कंपनीनं व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. घरोघरी चित्रपट पोचले, हे मोठंच काम झालं. पण किंमत त्या पातळीला आल्यावर एकूण बाजारातच कव्हरला वेळ आणि पैसा उरला नाही. इनलेचं, म्हणजे डबीत घालायच्या छापील कागदाचं, काम एका दिवसात उरकायची सवय लागली, आणि त्या किमती गेल्या तरी सवय राहिली.

आपल्याकडे मूळ सामग्रीची वाण नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. मराठी चित्रपटाचा पायाच चित्रकारांनी घातला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी चित्रकार, मग दिग्दर्शक. त्यांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज जपलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोजलं जातं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 1929 मध्ये प्रभात ही चित्रपट कंपनी काढणाऱ्यांत होते, आणि त्याच जोडीनं 1936 चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, ज्याची पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. कलादिग्दर्शनाला फत्तेलालांसारखा चित्रकार असलेल्या स्टुडिओच्या चित्रपटावर आपण इंटरनेटवरून उचललेलं सूर्यास्ताचं चित्र लावावं? एस. एम. पंडित, जी. कांबळे यांच्यासारख्यांनी रंगवलेली पोस्टरं, थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, हे सारं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 1964 पासून गोळा होत आलं आहे. ते पाहायला जाणं एका दिवसाचं काम आहे.

समैस्माच्या त्या बैठकीत ही गोष्ट आणखी लागली, कारण कतारशी तिचा एक धागा आहे. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत चित्रपटांची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दोहाच्या एज्युकेशन सिटीत त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं, तेही त्यांच्याच रेखाटनावरून बांधलेलं. होर्डिंग रंगवणाऱ्या मराठी मुलखातल्या माणसाला एका देशानं इमारत दिली. तिथून काही मैलांवरच्या एका कपाटात त्याच कलेचे वारस म्हणवणाऱ्या आपण छापलेले कागद आहेत.

आता सबबीकडे येतो. "मूळ पोस्टर डीव्हीडीवर बसत नाही," हे मी कित्येक डिझायनरांकडून ऐकलं आहे. मोजून पाहू. नेहमीच्या डबीचा इनले 273 बाय 183 मिलिमीटर, त्यात मधली स्पाइन 14, म्हणजे पुढची बाजू एकशे साडेएकोणतीस मिलिमीटर रुंद. आपल्याकडचं रुळलेलं पोस्टर 30 बाय 40 इंच, तीनास चार. उंची 183 धरली की रुंदी येते एकशे सव्वासदतीस. फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा. पोस्टरची डावी कड तेवढी स्पाइनवर वळवली तर काहीच कापावं लागत नाही, आणि कपाटात उभ्या डबीच्या पाठीवर मूळ चित्राचा रंग दिसतो. पोस्टर आडवं किंवा लांबट असेल तर कसब लागेल हे खरं. पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

पुस्तिकांवरून काम करताना अडचण वेगळी असते. त्यांतले फोटो हाफटोनचे, ठिपक्याठिपक्यांचे. कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलं आणि पुन्हा स्क्रीन टाकून छापलं की चट्ट्यापट्ट्यांची जाळी उठते, मग ती लपवायला धूसर केलं जातं, आणि मग जांभळं आकाश येतं. निदान 600 डीपीआयवर स्कॅन करा, ठिपके आधी विरघळवा, मगच आकार लहान करा. दगडावरून छापलेल्या जुन्या पोस्टरांत हा त्रास नसतो, तिथे दाणा हातानं आलेला असतो. तो घासून गुळगुळीत करू नका, पोस्टरची जान त्यातच आहे.

मागच्या बाजूबद्दल डिझायनर बोलत नाहीत, संग्राहक मात्र सर्वांत जास्त तिच्याबद्दलच बोलतात. यजमानांची नात दोहाच्या शाळेत शिकते. मराठी बोलते, पण वाचताना अडते. तिच्यासाठी सबटायटल आहेत की नाहीत हे डबी उघडण्याआधी कळायला हवं. रीजन कोडचंही तसंच. भारत पाचमध्ये, आखात दोनमध्ये. फक्त पाचसाठी बांधलेली तबकडी तिकडच्या प्लेअरवर चालणार नाही, आणि ते कळतं पाहुणे जमल्यावर. बहुतेक मराठी तबकड्या सर्व रीजनच्या असतात, पण तसं छापलेलं हवं. लांबी मिनिटांत, साल, मूळ कृष्णधवल की रंगीत, प्रत कुठून घेतली, आणि कव्हरवरचं चित्र कुणाचं. या शेवटच्या ओळीसाठी मी भांडायला तयार आहे. पोस्टर रंगवणाऱ्याचं नाव माहीत असूनही आपण ते छापत नाही.

एका बाबतीत मात्र मी संग्राहकांशी सहमत नाही. मूळ पोस्टरशिवाय दुसरं काही चालणारच नाही, असा त्यांच्यातल्या काहींचा आग्रह असतो. 1984 पासून जुने चित्रपट निगुतीनं काढणाऱ्या अमेरिकेच्या क्रायटेरियननं अनेकदा आजच्या चित्रकारांकडून नवी कव्हरं करून घेतली, आणि लोक स्पाइनवरच्या क्रमांकानं ती ओळीत लावतात. 'सिंहासन'सारख्या चित्रपटावर आजच्या एखाद्या मराठी चित्रकारानं, चित्रपट दोनदा पाहून, नवं चित्र काढलं तर ते मला हवंच आहे. ब्रिटनच्या अ‍ॅरो या कंपनीनं यावर सोपी तोड काढली. कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, एकीकडे नवं चित्र, दुसरीकडे मूळ पोस्टर, ज्याला जे हवं ते त्यानं बाहेर ठेवावं. छपाईचा एक फेरा वाढतो. हजार प्रतींच्या कामात हा खर्च पेलण्यासारखा आहे, असं माझं मत आहे.

आणि स्पाइनवरचं नाव काळ्यात छापा. ठसठशीत देवनागरीत, शुद्ध काळ्यात, लाल किंवा सोनेरीत नाही. त्याला जादा पैसा लागत नाही.

ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा जुन्या थिएटरच्या पोटमाळ्यावर पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका असतील, त्यांनी त्यांच्या कडा कापू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आणि खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर ती आम्हाला लिहून कळवावी. चित्रपटाचं नाव, साल आणि सही, एवढं पुरे. पुढच्या अंकापासून अशा नावांसाठी शेवटचं पान राखून ठेवलं आहे.