समुद्रातले तण

शेतातल्या तणाला कानडीत ‘कळे’ म्हणतात. ते कोवळे असतानाच उपटावे, हे दोन्ही भाषांतले आजोबा सांगतात. समुद्रालाही तण लागते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातले शेवाळ जेमतेम १ चौरस मीटर होते. सहा वर्षांत ते हेक्टरांत मोजावे लागले. उथळ पाण्यात लाटा त्याला तोडतात, पण तुटका तुकडाही रुजतो. खोलवर उजेड कमी, म्हणून वाढ विरळ. तरी १०० मीटरवरही ते सापडले. उन्हाळ्यात फोफावते, थंडीत मंदावते. कॅलिफोर्नियात २००० मध्ये ते दिसताच ताडपत्रीखाली क्लोरीन सोडले. २००६ मध्ये ते संपल्याचे जाहीर झाले. म्हणून मी घरातल्या मुलांना बजावते, फिशटँकमधली झाडे तळ्यात टाकू नका.