फवारणाऱ्याचा जीव

शेतकरी कीटकनाशकाला विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. त्यामागे अनुभव आहे. अवकाळी पावसानंतर द्राक्षबागेत डाऊनी (केवडा) रोग दिसला की फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात शिरली आणि मक्याचे पोंगे पोखरू लागली, तेव्हाही अनेकांना पहिला आधार याच औषधाचा वाटला. सगळी कीटकनाशके सरसकट बंद करा, ही मागणी म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

पण यवतमाळ विसरता येत नाही. 2017 च्या हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. कपाशी त्या वर्षी डोक्याबरोबर वाढली होती. तुषार पिकावर पडण्याआधी माणसाच्या तोंडावर येत होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, हवा दमट, अंगावर घामाने भिजलेला सदरा. घामेजल्या कातडीतून विष लवकर भिनते.

या मजुरांना सल्ला कोणी दिला होता? बहुतेक ठिकाणी कृषी केंद्राच्या दुकानदाराने. ज्याची कमाई डबा विकण्यावर, तोच मात्रा सांगणार, ही व्यवस्था आजही फारशी बदललेली नाही.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून मनाई होती. कपाशीवर मात्र ते पुढे अनेक वर्षे चालू राहिले. भाजी खाणाऱ्याचा विचार झाला, पाठीवर पंप घेणाऱ्याचा झाला नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचेही तसेच. बागेची नोंदणी होते, फवारणीची नोंद ठेवली जाते, फळातले उर्वरित अंश प्रयोगशाळेत मोजले जातात. ही शिस्त आपल्याला जमते, हे नाशिकने दाखवून दिले आहे.

1971 च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक पोशाख आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. रोजंदारीवरच्या मजुरापर्यंत ती पोहोचत नाही. विदर्भाच्या उन्हात अंगावर ठेवता येईल असा पोशाख हवा. लाल त्रिकोणाचे, म्हणजे सर्वाधिक विषारी गटातले औषध कृषी अधिकाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय विकले जाऊ नये. आणि कपाशीला बोंडे धरण्याआधी तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात अॅट्रोपिन या उताऱ्याचा पुरेसा साठा आणि विषबाधा ओळखणाऱ्या कोलिनेस्टरेज तपासणीची सोय असलीच पाहिजे.