ब्रुअरीचं दार आणि आपली पोरं

मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली आपली मुलं विचारतात, ब्रुअरीत नोकरी कशी मिळते? आणि करावी का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी दाराबद्दल. बिअर बनवणं हे विज्ञान आहे. माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करायची, हॉप्स घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. पाश्चरने १८७६ साली बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात. म्हणजे ज्ञान मिळवता येतं.

अडतं ते पुढे. ओळख लागते, नाहीतर बिनपगारी इंटर्नशिप. सहा महिने बिनपगारी कोण राबू शकतं? ज्याच्या घरी भाड्याची चिंता नाही तोच. इथे जात न विचारताच चाळणी लागते.

आत गेल्यावर पहिलं काम टाक्या धुण्याचं. त्यात कमीपणा नाही. बिअर नासते ती अस्वच्छतेने, म्हणून मुख्य ब्रुअरसुद्धा टाक्या धुतो. पण वर्षभरानंतरही फक्त तुमच्याच हातात ब्रश असेल आणि यीस्टची मोजणी दुसऱ्याकडे असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे, जुनीच वाटणी आहे. काय शिकवणार आणि कधी, हे पहिल्याच दिवशी लेखी मागा.

दुटप्पीपणाही ओळखा. हातभट्टी लावणाऱ्या कंजारभाटावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. परवाना आणि भांडवल असलेला तेच आंबवणं करतो, तेव्हा त्याला ‘क्राफ्ट’ म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही जण म्हणतात, प्रतिज्ञा पिण्याची आहे, बनवण्याची नाही. ही पळवाट आहे. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असं बुद्धांनी सांगितलं, त्यात मद्याचा व्यापार येतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपल्याच वस्त्यांत आहेत, हे सांगायला ग्रंथ कशाला हवा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आंबवण्याचं शास्त्र शिका, पूर्ण शिका. त्याच शास्त्रावर प्रतिजैविकं, एन्झाइम, बेकरीचं यीस्ट, व्हिनेगर आणि इंधनाचं इथेनॉल बनतं. तिथे जा आणि वरच्या खुर्चीपर्यंत जा. आणि तरीही कुणी पोटासाठी ब्रुअरीत गेलाच, तर त्याला वाळीत टाकू नका. वाळीत टाकणं हे आपलं काम नाही. त्याच्यासाठी दुसरं दार उघडणं हे आपलं काम आहे.

जय भीम!