विश्लेषण : फिजिओथेरपीच्या वर्गात सीनियरच मास्तर! शिक्षणाची संधी की स्वस्त मनुष्यबळ?

अमेरिकेतील फिजिओथेरपीच्या अनेक अभ्यासक्रमांत वरच्या वर्गातील विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांना ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणजेच ‘टीए’ म्हणून काम करतात. आपल्याकडेही सीनियर मंडळी ज्युनियरना शिकवतातच; पण त्या कामाला ना नाव असते, ना नियम. परदेशी जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या खर्चाच्या हिशेबातही टीएच्या कामाचा विचार असतो. ही पद्धत नेमकी काय आहे, तिचा फायदा कोणाला आणि तिची मर्यादा कुठे, याचा हा आढावा.

टीए नेमके काय करतो?

अमेरिकेत नव्याने फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी आता ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ म्हणजे डीपीटी हा पदवीनंतरचा, साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो. यातले बरेचसे शिक्षण हाताने करून शिकण्याचे असते. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात मज्जातंतू, स्नायू, रक्तवाहिन्या ओळखणे, सांधा किती अंशात वाकतो ते गोनिओमीटरने मोजणे, स्नायूची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत ठरवणे, रुग्णाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सुरक्षितपणे बसवणे, अशी ही कौशल्ये आहेत.

विद्यार्थी ती जोडीने, एकमेकांच्या शरीरावर शिकतात. टीए या जोड्यांमधून फिरतो. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नीट ठेवला आहे का, खुर्चीचे ब्रेक लावले का, आधाराचा पट्टा बांधला का, हे तो पाहतो आणि चुकले तर तिथेच सांगतो. परीक्षेआधी सराव करून घेणे आणि साहित्य मांडणे हीदेखील त्याचीच कामे.

प्राध्यापक असताना त्याची गरज का?

याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा, वर्गात ४८ विद्यार्थी, म्हणजे २४ जोड्या आहेत आणि प्रात्यक्षिक दोन तासांचे आहे. एकटे प्राध्यापक प्रत्येक जोडीकडे गेले तर एका जोडीला पाच मिनिटे मिळतात. तीन टीए मदतीला आले की माणशी सहा जोड्या येतात आणि प्रत्येक जोडीला वीस मिनिटे मिळू शकतात. पुस्तक वाचून आकृती कळते. बोटाखाली हाड लागले की स्नायू, हे मात्र शेजारी कोणी उभे राहून सांगावे लागते.

दुसरे कारण अनुभवाच्या अंतराचे. वीस वर्षे रुग्ण तपासलेल्या प्राध्यापकांना आपले बोट योग्य जागी कसे जाते, हे शब्दांत सांगणे कधी कधी अवघड जाते. वर्षभरापूर्वीच तिथे अडखळलेल्या विद्यार्थ्याला ती अडचण ताजी आठवते. शिवाय सरांसमोर ‘समजले नाही’ म्हणायला जो संकोच वाटतो, तो ताई-दादांसमोर कमी असतो.

ही कल्पना अमेरिकी आहे का?

मुळीच नाही. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची रीत आपल्या गावठी शाळांत जुनीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी स्थानिक मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘मद्रास पद्धत’ ब्रिटनमध्ये पसरली. तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण तेव्हाही हेच होते की कमी शिक्षकांत, कमी पैशांत जास्त मुले शिकतात. हा मोह आजही सुटलेला नाही.

शिकवणाऱ्याला काय मिळते?

त्याचा स्वतःचा अभ्यास पक्का होतो. आपल्या जोडीदाराच्या एकाच खांद्यावर सराव केलेल्याला इथे डझनभर वेगवेगळे खांदे हाताखालून घालता येतात. त्याहून मोलाचे म्हणजे समजावून सांगण्याची सवय. घरी करायचा व्यायाम रुग्णाला कळला नाही, तर चांगला उपचारही वाया जातो. ज्युनियरला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावणारा विद्यार्थी उद्या सत्तरीच्या आजोबांनाही नीट समजावू शकतो.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका चुकीच्या शिकवणीचा. खुब्याच्या सांध्याचे रोपण मागच्या बाजूने केले असेल, तर रुग्णाला सुरुवातीच्या काळात सांधा ९० अंशांपलीकडे वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत वळवू नका, असे सहसा सांगितले जाते. टीएने यातले एक जरी उलटे सांगितले, तरी ती चूक एका वहीत राहत नाही. ती बारा जणांच्या हातांतून पुढे रुग्णापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच ‘मला खात्री नाही, मॅडमना विचारू’ हे वाक्य टीएला सगळ्यात आधी शिकवायला हवे.

दुसरा धोका गुणांचा. कालचा मित्र आज परीक्षकाच्या बाजूला उभा राहिला की मैत्री आणि न्याय दोन्ही अडचणीत येतात. टीएने सरावात सूचना द्यावी. उत्तीर्ण-अनुत्तीर्णचा निर्णय प्राध्यापकांचाच असावा. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेसाठी अमेरिकेत १९७४ पासून केंद्रीय कायदा आहे. कोणाला किती गुण मिळाले, हे कँटीनमध्ये बोलण्याचा विषय नाही.

तिसरा मुद्दा स्पर्शाचा. ज्या वर्गात एकमेकांच्या अंगाला हात लावून शिकायचे, तिथे आधी विचारणे, गरजेपुरताच भाग उघडा ठेवणे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण न विचारणे, हे टीएलाही तितकेच बंधनकारक हवे. सीनियरला नाही म्हणणे ज्युनियरला सोपे नसते.

पैशांचे गणित जमते का?

काही ठिकाणी तासाप्रमाणे मानधन मिळते, काही ठिकाणी ठरावीक रक्कम, तर काही ठिकाणी फक्त अनुभव. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना टीए म्हणून शुल्कमाफी मिळते, म्हणून डीपीटीलाही मिळेल, असे गृहीत धरणे महागात पडू शकते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला कमाल २० तासच काम करता येते आणि या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक पाहता तेवढेही तास काढणे कठीण असते. त्यामुळे टीएचे मानधन खर्चाच्या हिशेबात जमेला धरू नये. मिळाले तर हातखर्चाला, एवढेच समजावे.

हे काम नोकरी आहे की शिक्षण, हा वादही जुना आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात खासगी विद्यापीठांतील विद्यार्थी-सहायकांना कर्मचारी मानले आणि संघटना करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. म्हणजे ‘तुम्ही तर शिकताय, पैसे कसले मागता’ हा युक्तिवाद पुरेसा नाही, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

भारतातील फिजिओथेरपी शिक्षणाची सुरुवात १९५० च्या दशकात मुंबईत, केईएम रुग्णालयात झाली. आज राज्यातील अनेक महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ज्युनियरची प्रात्यक्षिके घेणे इथे नवे नाही. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे निकष नव्याने बसवले जात असताना या अनौपचारिक शिकवणीलाही चौकट देता येईल.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. कामाचे तास लेखी ठरवावेत. शिकवण्याआधी प्राध्यापकांनी टीएकडून ते कौशल्य करवून घेऊन तपासावे. गुण देण्याचे काम त्याच्याकडे नसावे. आणि मानधन, निदान अनुभवाचे प्रमाणपत्र, मिळावे. पाचवी अट महाविद्यालयांसाठी : टीएची गणना शिक्षकांच्या संख्येत होऊ नये. रिक्त पदावर विद्यार्थी उभा करून जागा भरल्याचे दाखवले, तर फसवणूक ज्युनियरची होते, सीनियरची होते आणि शेवटी त्यांच्या हाताखाली येणाऱ्या रुग्णाची. सीनियरने प्राध्यापकांचा हात मोकळा करावा. त्यांची खुर्ची भरू नये.