चिमूटभर मीठ

इंग्रजी वाक्प्रचार शिकवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ते ज्या रीतीने शिकवले जातात, तिला आमचा विरोध आहे. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे एका ओळीचा अर्थ. पाठ करा, लिहा, विसरा. संजीवनी ओळखता येईना म्हणून मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलून आणला. पण तिकडे मुळी ओळखणारा सुषेण तरी होता. आमच्या द्रोणागिरीतल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर नुसताच डोंगर आहे.

'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्या. मार्गदर्शिकेतला अर्थ : 'पूर्ण विश्वास न ठेवणे'. बरोबर, पण मीठच का? याचे मूळ पहिल्या शतकातील प्लिनीच्या लॅटिन ग्रंथापर्यंत नेतात. तिथे विषावरच्या उताऱ्यात मिठाचा कण घालायला सांगितला आहे. इंग्रजीत हे चिमूटभर मीठ संशयाचे झाले. मराठीत मात्र माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. दुधात मिठाचा खडा पडतो, आणि जखमेवर मीठ दोन्ही भाषांत चोळले जाते. एवढी तुलना पाच मिनिटांत होते. ती टाळून आपण काय शिकवतो?

आणि हे उरण तालुक्यात घडावे! 'आगरी' हे नावच मिठाच्या आगराशी जोडले जाते. १९७० साली सिडको आली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेते गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पाच जणांनी प्राण दिले. त्या घरांतली मुले आज मिठाचा अर्थ मार्गदर्शिकेत शोधतात. जमीन संपादनात गेली. भाषा आपण वर्गात बसून सोडून देत आहोत.

कोणी म्हणेल, 'हिरवा कंदील'ही बाहेरूनच आला. आला, पण आगगाडीबरोबर आला, लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला, मग तोंडी बसला. 'दिवसाच्या शेवटी' मात्र कशासाठी? 'शेवटी' हा शब्द काय ओस पडला होता?

आमची मागणी साधी आहे. इंग्रजीच्या तासालाही दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' टेबलावर असावा, आणि प्रत्येक वाक्प्रचारानंतर एक प्रश्न विचारावा : तुमच्या घरी याला काय म्हणतात? उत्तर आगरीत आले तर फळ्यावर तेही लिहावे. ज्या शिक्षकाला हे कमीपणाचे वाटते, त्याने आपण कोणाचे मीठ खातो, एवढे आठवून पाहावे.