संच बदलला, बँड तोच राहिला का?

१/७
जुन्या बँडमधला वादक बदलला की चाहत्यांत वाद ठरलेला: “हा आता मूळ बँड उरला का?” मित्रहो, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे, असे माझे मत आहे. मुंबईच्या एका बँडवरून ते पाहू.

२/७
१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. १९८८ मध्ये पहिला अल्बम आला. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. नाव नवे, माणसे बहुतांशी तीच.

३/७
१९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया जुने. बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी नवे. या खेपेस नाव जुने, निम्मी लय नव्या हातांत.

४/७
मग ‘मूळ’ कोणत्या वर्षीचे धरायचे? ज्याच्या आवाजावरून लोक हा बँड ओळखतात, तो बेनेगलही स्थापनेच्या वेळचा गायक नव्हे.

५/७
आमच्या सोनाळ्यासारख्या गावातल्या भजनी मंडळाला हा पेच पडत नाही. पखवाजावर नवा हात बसला तरी अभंग संतांचे, म्हणजे सर्वांचे. बँडची गाणी मात्र त्याच्याच सदस्यांनी रचलेली असतात. म्हणून खरी कसोटी अशी: नव्या माणसाला केवळ जुनी गाणी वाजवायला बोलावले, की नव्या निर्मितीत वाटा दिला?

६/७
किर्लोस्कर नाटक मंडळी आठवा. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये. तरी १९११ मध्ये मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. संगीत गोविंदराव टेंब्यांचे, नायिका १९०५ मध्ये आलेले बालगंधर्व. मंडळी जिवंत होती, कारण नव्यांकडून नवे घडत होते. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे, गणपतराव बोडस बाहेर पडले. किर्लोस्करांचे नाव मागे राहिले. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मात्र गंधर्व मंडळीने रंगवले.

७/७
इंडस क्रीडने २०१२ मध्ये नव्या संचासह ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. केवळ जुन्या गाण्यांचे दौरे करणे सोपे होते. माझ्या लेखी बँड तेथेच पुन्हा सिद्ध झाला. पुढच्या दौऱ्याच्या जाहिरातीत अनोळखी नाव दिसले, तर “मूळचा कोण?” असे विचारू नका, “याने नवे काय रचले?” असे विचारा.